अटल सेतू: उरणच्या बाजूने विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी उरण तालुक्यातला. पूल झाल्यापासून मुंबईचे नातेवाईक, पुण्याचे मित्र, गावातली मुलं, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. कुणी कौतुकाने, कुणी चिडून. एवढे पैसे कशाला घातले, कुणासाठी घातले, आम्हाला काय मिळालं? या शंका मला रास्त वाटतात. त्यांना "विकासाला विरोध" म्हणून झटकून टाकलेलं मला आवडत नाही. पूल मला हवा होता, आजही हवा आहे, आणि म्हणूनच या शंकांना नीट उत्तरं द्यावीत असं वाटतं. माहीत आहे तेवढं इथे लिहितो आहे.

हा पूल नेमका कुठून कुठे जातो?

मुंबईच्या शिवडीतून निघतो आणि खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवाच्या बाजूला उतरतो. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग पाण्यावर. जाण्यायेण्याच्या तीन-तीन मार्गिका. आमच्या बाजूला उतरायला तीन ठिकाणं आहेत: उलव्याजवळ शिवाजीनगर, मग जासई आणि शेवटी चिरले. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून गाड्या सुरू झाल्या.

मुंबईला आता कसलं बेट म्हणायचं? वाशीचा पूल असताना दुसऱ्याची गरजच काय होती?

नकाशात बघणाऱ्याला तसं वाटू शकतं. आमच्या उरणच्या मोरा बंदरात उभं राहिलेल्याला वाटत नाही.

मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबई दिसते. रात्री तर दिवे मोजता येतील इतकी जवळ. लाँच मिळाली की तासाभरात भाऊच्या धक्क्यावर. पण मोरा बंदरात गाळ साचतो, आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. त्यामुळे आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात सणवारांच्या आधी तिथी बघितली जायची, कारण तिथीवरून भरतीची वेळ काढता येते. वडील गोदीत कामाला. त्यांची पहिली पाळी असली आणि पहाटे ओहोटी असली, की ते आदल्या संध्याकाळीच निघायचे आणि तिकडे ओळखीच्यांकडे पथारी टाकायचे.

आत्याचं बाळंतपण अडलं ती रात्र मला स्वच्छ आठवते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तिला मुंबईला न्या असं सांगितलं गेलं. धक्क्यावर आणलं तर तांडेल म्हणाला, "पाणी उतरलंय, आता लाँच नाय लागायची." मग कुणाची तरी जीप मागून पनवेलवरून, वाशीच्या पुलावरून तिला नेलं. समोर दिसणाऱ्या शहरात पोचायला पहाट झाली. आत्या वाचली, मूल वाचलं नाही.

वाशीचा पूल आम्हाला उपयोगी नव्हता असं नाही, पण उरणहून तिकडे जायचं म्हणजे अख्ख्या खाडीला वळसा. समोरासमोरची दोन गावं आणि मध्ये पाणी, एवढंच आमचं दुखणं होतं. म्हणून "पूल कशाला हवा होता" या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचंही नाही, मी फक्त त्या धक्क्याकडे बोट दाखवतो.

मग साठ वर्षं का लागली?

कल्पना १९६३ची. मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास करायला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागारांना नेमलं होतं, त्यांच्या अहवालात खाडीपल्याड जाणाऱ्या पुलाची सूचना होती. दोनच वर्षांनी, १९६५ साली, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीच्या पूर्वेला जुळं शहर वसवण्याचा विचार मांडला. १९७० साली हे शहर वसवायला सिडको ही सरकारी संस्था आली, नवी मुंबई उभी राहू लागली. जोडणी मात्र उत्तरेकडून झाली. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल झाला, आणि मुंबई वाशी, नेरुळ, बेलापूर अशी सरकत गेली. दक्षिणेचा टोकाचा भाग, म्हणजे आम्ही, बंदर आणि गोदामांच्या वाट्याला आलो. न्हावा-शेवाला जेएनपीटी हे बंदर झालं, कंटेनर आले, ट्रेलर आले. माणसांना जायला रस्ता आला नाही.

पुढे खाजगी कंपन्यांनी आपल्या पैशांनी पूल बांधावा आणि टोल वसूल करावा असे प्रयत्न झाले. निविदा निघाल्या, वाद झाले, रद्द झाल्या. २०१३ साली तर पाच गट पात्र ठरले होते, पण निविदा भरायच्या दिवशी एकानेही कागद दिला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढच्या प्रश्नात लागेल. शेवटी जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जावर एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, स्वतः पूल बांधायचं ठरलं. २०१६च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन, २०१८ साली प्रत्यक्ष काम, २०२४ साली पूल.

खर्च किती झाला? तो टोलमधून कधी वसूल होईल?

उद्घाटनाच्या वेळी सरकारने सांगितलेला आकडा १७,८४० कोटींहून अधिक. किलोमीटरमागे आठशे कोटींच्या वर.

एवढा का? समुद्रातलं काम म्हणून तर आहेच. खाडीच्या तळाशी मऊ गाळ आहे, टणक खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं. शिवाय या खाडीतून जहाजं जातात, तळाशी तेलाच्या वाहिन्या आहेत, त्यामुळे मन मानेल तिथे खांब उभा करता येत नाही. जिथे खांब चालणार नव्हता तिथे पोलादाच्या लांबच लांब पोकळ पेट्या टाकल्या आहेत. आतून उभ्याआडव्या पट्ट्या जोडून ताठ केलेल्या आणि वरचा पत्राच रस्त्याचा तळ झालेला, अशी ती रचना. भारतात सागरी पुलाला ती पहिल्यांदा वापरली गेली. दोन खांबांमधलं सर्वांत मोठं अंतर १८० मीटरचं. यातल्या पेट्यांची जुळणी आमच्याच करंज्याला झाली. तिथून तराफ्यावर चढवून, भरती साधून त्या खाडीत नेल्या जात. करंज्याच्या होड्या लांब थांबून ते बघत असत. माणसाच्या हातून एवढं मोठं काम होताना बघायला मिळालं, याचं मला खरंच अप्रूप आहे.

आता वसुली. पहिल्या वर्षात सुमारे ८३ लाख वाहनं गेली. प्रत्येक वाहनाने मोटारीचा एकेरी टोल, २५० रुपये, भरला असं धरलं तर २०७ कोटी होतात. ट्रक-बस जास्त भरतात, परतीला सवलत मिळते, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण या चालीने, व्याज आणि देखभाल बाजूला ठेवली तरी, १७,८४० कोटी जमायला ८६ वर्षं लागतील.

म्हणजे टोलवर हा पूल फिटत नाही. २०१३ साली कुणी निविदा का भरली नाही ते यात आलं. पण मला यात घोटाळा दिसत नाही. रस्ता, पूल, रेल्वे या गोष्टी तिकिटाच्या पैशात क्वचितच फिटतात, त्यांचा परतावा लोकांच्या वाचलेल्या वेळेत आणि वाढलेल्या कामधंद्यात असतो. पूल लोकांच्या पैशाने होतो आणि राहिलेलं कर्ज लोकच फेडणार आहेत हे एकदा मान्य केलं, की तो लोकांना परवडायला हवा हेही मान्य करावं लागतं. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

पूल रिकामा असतो म्हणतात, खरं का?

बऱ्याच अंशी. रोज ७० हजार वाहनं जातील असं सांगितलं गेलं होतं. पहिल्या वर्षाची सरासरी २२ ते २३ हजारांवर थांबली. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्या-अलिबागला जाणारे येतात तेव्हा गर्दी असते. मंगळवारी दुपारी जा, दोन गाड्यांमध्ये इतकं अंतर असतं की आपण एकटेच आहोत असं वाटतं. त्याच वेळी वाशीच्या पुलावर आणि मानखुर्दला काय चाललेलं असतं ते रोज जाणारे जाणतात.

२५० रुपये टोल जास्त आहे का?

कुणासाठी, यावर आहे. पुण्याहून महिन्यातून एकदा मंत्रालयात जाणाऱ्याला नाही. वाचलेलं डिझेल आणि वेळ धरला तर तो आनंदाने भरतो. सरकारचं म्हणणं असं की अभ्यासात ५०० रुपये निघाले होते, आम्ही निम्म्यावर आणले. तेही खरं आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींना ऑगस्ट २०२५पासून टोल माफ आहे.

आता रोज जाणाऱ्याचं बघा. मोटारीचा टोल जाऊन-येऊन ३७५. महिन्याचे पंचवीस दिवस कामावर गेला तर ९,३७५ रुपये. पेट्रोल वेगळं. तुम्ही म्हणाल, मासिक पास असेल की. आहे, १२,५०० रुपयांचा. म्हणजे महिन्यात किमान चौतीस वेळा जाऊन-येऊन केलं तरच पास परवडतो. महिन्याला दिवस तीस. हा पास नोकरदारासाठी आखलेलाच नाही, दिवसात दोन-तीन फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीवाल्याला तो उपयोगी पडेल. उलव्यात घर घेतलेल्या माझ्या भाच्याने हा हिशेब पाकिटाच्या मागे मांडला आणि पुन्हा लोकलने जायला लागला.

त्यात ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारने वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या मुंबईच्या नाक्यांवर मोटारींना टोल माफ केला. लोकांना दिलासा मिळाला, चांगलं झालं. पण त्याने वाशीवरून जाणं फुकट आणि अटल सेतूवरून जाणं २५० रुपये असं झालं. गाडीवाला फुकटाच्या रांगेत उभा राहणारच. पश्चिमेला कोस्टल रोडसाठी हजारो कोटी खर्च झाले, तिथेही टोल नाही. वरळीच्या माणसाला फुकट आणि आमच्याकडच्या गव्हाणच्या माणसाला अडीचशे, हे मला पटत नाही. आणि पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

या शहराच्या इतिहासात एक सुंदर उदाहरण आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होड्या उलटून माणसं बुडत. कंपनी सरकार बांध घालायला पैसे द्यायला तयार नव्हतं. तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या पदरचे दीड लाखाहून जास्त रुपये दिले. अट एकच: या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा तो बांध खुला झाला. दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी रोडवरून आपण जातो तेव्हा त्या अटीची आठवण ठेवावी. बेट जोडणाऱ्या वाटेवर गरिबाला अडवू नये, ही समज मुंबईला १८० वर्षांपूर्वी होती.

मग टोल रद्दच करावा असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. देखभालीला पैसा लागतो, खारं वारं पोलादाला आणि काँक्रीटला सोडत नाही. माझ्या मागण्या तीनच. उरण-पनवेलच्या स्थानिकांना सवलत. नोकरदाराला परवडेल असा खरा मासिक पास. आणि सार्वजनिक बसला टोल शून्य.

दुचाकी का चालत नाही?

मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी या सगळ्यांना बंदी आहे. कारण सुरक्षेचं. पुलावर ताशी १०० किलोमीटरची मुभा, समुद्रावरचं आडवं वारं आणि थांबायला जागा नाही. पावसाळ्यात तिथल्या वाऱ्याने मोटारसुद्धा हलते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्यामुळे ही बंदी उठवा असं मी म्हणणार नाही.

पण आमच्या गावांतून कामाला जाणारी बहुतेक माणसं दुचाकीवर जातात. त्यांना मनाई करायची असेल तर त्यांच्या हाती दुसरं काहीतरी दिलं पाहिजे. ते म्हणजे बस.

बसने पुलावरून जाता येतं का?

येतं, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून सविस्तर सांगतो. नवी मुंबईची परिवहन सेवा नेरुळहून (११६) आणि खारघरहून (११७) मंत्रालयापर्यंत एसी बस सोडते. बेस्टची एस-१४५ बेलापूरच्या कोकण भवनहून कफ परेडला जाते. एसटीच्या काही शिवनेरीही पुण्याहून या पुलावरून मंत्रालयाकडे येतात. सगळ्या मिळून फेऱ्या मात्र मोजक्याच. निघण्याआधी वेळ विचारून घ्या, चुकली तर पुढचीची वाट बघण्यात अर्धा दिवस जाईल.

मागच्या थंडीत मी अशाच बसने गेलो. शेजारी गव्हाणकडची एक मावशी होती, मांडीवर पिशवी, पिशवीत सुकट. मुलीकडे निघाली होती, भायखळ्याला. बस पुलावर चढली तशी तिने खिडकीचा पडदा बाजूला केला. खाली ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. तिने काचेला बोट लावून दाखवलं, "तिथं आमी निवट्या धराया जायचो." निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे. मग ती गप्प झाली आणि शिवडी येईपर्यंत तिने नजर काढली नाही. उतरताना म्हणाली, "एवढ्यात आली पण?" जन्मभर ज्या पाण्यात ती उतरली, ते पाणी तिने त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिलं.

आता टोलचा हिशेब बघा. बसचा एकेरी टोल ८३० रुपये. चाळीस माणसं बसली तर माणशी २१ रुपयेही पडत नाहीत. एकट्या माणसाच्या मोटारीला २५०. तासाला दहा बस सोडल्या तर चारशे माणसं एका तासात पलीकडे जातील आणि पुलावर गर्दी झाल्याचं जाणवणारही नाही. पूल रिकामा आहे ही तक्रार असेल तर इलाज समोर उभा आहे. मला वाटतं, या पुलाबद्दलची निम्मी नाराजी पंधरा मिनिटांनी सुटणाऱ्या साध्या लाल बसने मिटेल.

पुलाला तडे गेल्याची बातमी होती ना?

जून २०२४मधली. तडे उलव्याच्या बाजूच्या जोडरस्त्यावर डांबरात होते, पाण्यावरच्या मुख्य पुलाला नव्हते. एमएमआरडीएने तसा खुलासा केला आणि दुरुस्तीही लगेच झाली. म्हणजे "अटल सेतूला भेगा" हा मथळा चूक होता.

तरीही लोक घाबरले याचं मला नवल वाटलं नाही. उद्घाटनाला सहा महिनेही झाले नव्हते. आणि खाडीवरचा पूल कसा खराब होतो हे या भागाने आधी पाहिलं आहे. वाशीचा पहिला पूल वीस-पंचवीस वर्षांतच गंजून जर्जर झाला आणि १९९७ साली शेजारी दुसरा बांधावा लागला. अशा माणसांना "अफवा पसरवू नका" म्हणण्यापेक्षा दर पावसाळ्यानंतरचा तपासणीचा अहवाल मराठीत लोकांसमोर ठेवावा. विश्वास असाच बसतो.

फ्लेमिंगो निघून गेले का?

नाही. शिवडीच्या चिखलात ते अजून येतात. थंडी पडली की यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. बांधकामाच्या वेळी आवाज कमी ठेवणारी यंत्रं वापरली, पक्ष्यांवर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) तज्ज्ञांची नजर होती, पुलाच्या काही भागांत ध्वनिरोधक भिंती आहेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला उंच पत्रे आहेत ते मात्र सुरक्षेसाठी, दृश्य झाकायला.

पक्ष्यांबद्दल माझी खरी काळजी पुलानंतर येणाऱ्या बांधकामांची आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी नवी मुंबई-उरणकडच्या पाणथळ जागांवर येऊन टेकतात. त्या जागा अभयारण्यात नाहीत. त्यांच्यावर भराव पडत चालला आहे. पक्ष्याला दोन घरं लागतात, एक ओहोटीचं आणि एक भरतीचं, आणि आपण त्यातलं एकच राखलं आहे.

कोळ्यांचं काय झालं?

खांब रोवताना पाणी ढवळलं, जाळी लावायच्या जागा गेल्या, बार्जच्या वाटेत होड्यांना मनाई झाली. शिवडी, माहूल, ट्रॉम्बेपासून न्हावा-गव्हाणपर्यंत हे सगळ्यांनी सोसलं. भरपाईचं धोरण ठरलं, पैसे मिळालेही. पण पात्र कोण, अपात्र कोण यावर वर्षानुवर्षं हेलपाटे झाले. होडी नावावर असलेल्याचं नाव कागदावर सापडतं. चिखलात हाताने खुबे, कालवं, निवट्या गोळा करणाऱ्या बाईकडे कसला परवाना असणार? तिचं पोट त्याच चिखलावर होतं.

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये मच्छीमारांचा भरपाईचा हक्क उचलून धरला. खाडीत वहिवाटीने मासे धरणाऱ्याचा तिथे हक्क आहे, हे तिथे मान्य झालं. आमच्याकडच्या मंडळींना त्या निकालाचा मोठा आधार वाटतो.

स्थानिक लोक पुलाकडे एवढ्या संशयाने का बघतात? जमिनीला भाव आला की!

जासईला उतरलात तर रस्त्यापासून जवळच हुतात्मा स्मारक आहे. एकदा थांबा तिथे.

नवी मुंबईसाठी इथली भातशेती आणि मिठागरं कवडीमोलाने घेतली जात होती. इथले शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४, दोन दिवस गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ती पदरात पडायला कित्येकांच्या दोन पिढ्या गेल्या. अजून ज्यांचे प्लॉट मिळालेले नाहीत अशी घरं माझ्या ओळखीत आहेत.

चाळीस वर्षांनी, त्याच जानेवारी महिन्यात, त्याच जासईला पूल उतरला. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पुलाच्या पायथ्याशी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नवं शहर वसवण्यासाठी एमएमआरडीएला नेमण्यात आलं. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. गावोगावी हरकतींचे अर्ज भरले गेले. आमच्या देवळात सभा झाली तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी एवढंच विचारलं, "पहिली मुंबई त्यांची, दुसरी आमच्या जमिनीवर, तिसरी कुणाच्या?"

जमिनीला भाव आला हे खरं. पण ज्याने ती विकली त्याला भाव एकदाच मिळतो. पूल कुणासाठी बांधला असा संशय लोकांच्या मनात येतो तो या अनुभवातून, अडाणीपणातून नव्हे.

पुढे वाहनं वाढतील का?

वाढतील. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५मध्ये खुला झाला, डिसेंबरात विमानंही उडू लागली. चिरल्याहून पुणे द्रुतगती मार्गाला थेट जोडणारा रस्ता होतो आहे. मुंबईच्या बाजूला शिवडी-वरळी जोडमार्गाचं काम चालू आहे. त्याच्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल पाडला, आणि परळ-दादरकरांचे हाल सुरू झाले. ही जोडणी आधी व्हायला हवी होती. एवढा पूल बांधून शिवडीच्या अरुंद रस्त्यांवर गाड्या सोडल्या, त्यामुळे पुलावर वाचलेली वीस मिनिटं कित्येकदा शिवडी-लालबागमध्ये जातात. नियोजनातली ही चूक मान्य करायला कुणाला कमीपणा वाटू नये.

पुलावर थांबून फोटो काढता येतो का?

नाही, दंड होतो. सुरुवातीच्या दिवसांत लोक कठड्यावर चढून फोटो काढत होते. ताशी शंभरच्या वेगाने मागून गाडी येत असते. कृपा करून थांबू नका.

पुलाऐवजी रेल्वे चांगली नव्हती का?

"ऐवजी" कशाला? गंमत बघा, पुलाचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, १२ जानेवारी २०२४ला, उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. तिच्याबद्दल इतकं लिहून आलं नाही. नेरुळ-बेलापूरला जाऊन बदलावी लागते, वळसा आहे, फेऱ्या कमी आहेत. तरी सकाळी उरण स्टेशनवर उभे राहा. कॉलेजच्या मुली, नर्सेस, भाजीवाल्या, कंपनीतली पोरं, सगळे तिथे आहेत. लोक कुठे जातील हे त्यांना परवडणारं तिकीट ठरवतं.

आता मोऱ्याची लाँच बंद होणार का?

स्कॉटलंडमध्ये स्काय नावाचं बेट आहे. तिथे १९९५ साली मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला आणि जुनी फेरी बंद केली. पुलाला जबर टोल, दुसरा रस्ता नाही. लोकांनी टोल भरायला नकार दिला, खटले झाले, शिक्षा झाल्या. नऊ वर्षं ते चाललं. शेवटी डिसेंबर २००४मध्ये सरकारने पूल विकत घेऊन टोल रद्द केला. फेरी काही पूर्वीसारखी परत आली नाही.

आमची लाँच अजून चालू आहे. रेवसचीही आहे. मोऱ्याला रो-रोसाठी, म्हणजे गाड्याही चढवता येतील अशा बोटींसाठी, नवा धक्का होणार असं वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. तो व्हावा, गाळ काढावा आणि लाँच राहावी. मागच्या महिन्यात मी मुद्दाम लाँचने गेलो. अष्टमीच्या आसपासची उथळ भरती होती, लाँच अर्धा तास उशिरा सुटली. मध्यावर आल्यावर उत्तरेला पूल दिसला, धुरकट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यावरून एक पांढरी बस चालली होती. डेकवरच्या पोराने आईला विचारलं, "त्यात आपण कधी बसायचं?" आई म्हणाली, "सुटली की."